कोणता प्रश्न आधी? परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाची पन्नास वर्षे, पेडगावच्या शिवारातून

संपादक मंडळाने माझ्याकडे महाविद्यालयाचा इतिहास मागितला, तेव्हा मी आधी तारखांची वही काढून बसलो. १९७६ साली त्या वेळच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात 'कृषी तंत्रज्ञान महाविद्यालय' या नावाने ही संस्था सुरू झाली. राज्यातले असे हे पहिलेच महाविद्यालय. पुढे त्याचे नाव 'अन्नतंत्र महाविद्यालय' झाले, पदवीबरोबर पदव्युत्तर अभ्यासक्रम आले, पीएच.डी. आली, आणि मराठवाड्यात याच विषयाची खासगी संलग्न महाविद्यालयेही निघाली. इमारती, प्राचार्य, सत्कार यांच्या नोंदी या अंकात इतरत्र असतीलच. मी एकच धागा धरणार आहे. संशोधनाला पैसा, माणसे आणि हंगाम मोजके असतात. अशा वेळी कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे कोणी ठरवले, कसे ठरवले, आणि त्या क्रमात आपण जे खातो ते खाण्याजोगे आहे का हा प्रश्न कुठे बसला, एवढेच मला सांगायचे आहे.

हा धागा माझ्या हाती महाविद्यालयात आला नाही. तो पेडगावातून आला. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातले. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. परभणीहून मनमाडच्या बाजूला गाडी निघाली की पेडगाव, मग मानवत रोड. काळी जमीन, आणि माझ्या लहानपणी त्या जमिनीवर खरिपात ज्वारीच ज्वारी. दसऱ्याच्या आसपास ज्वारी भरात यायची आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठायचा. चार दिवस झड लागली की मोत्यासारखी कणसे आधी गुलाबी, मग राखाडी, मग काळी व्हायची. खळ्यावर रास पडली की धूळ काळी उडायची आणि मळणी करणाऱ्यांना ठसका लागायचा. आडत्याने पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि न बोलता परत टाकले, हे मी वडिलांच्या शेजारी उभा राहून पाहिले आहे. पांढरी निघाली ती विकायची, काळी पडली ती घरी खायची, हा आमच्याकडचा रिवाज होता. "भाकर कडू लागायलीय माय," असे आम्ही म्हणायचो. माय म्हणायची, "पावसानं मारलेली हाय, चटणीसंगं खा." ती ज्वारी दोनदा धुवायची, उन्हात टाकायची, सुपात पाखडायची. तिच्या हाती असलेले सगळे उपाय ती करत होती.

त्या काळ्या दाण्यात नेमके काय असते, हा प्रश्न मला पुढे वर्गात भेटला. तो भेटेपर्यंत विद्यापीठाचे पहिले दशक उलटून गेले होते.

विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. त्याच दिवशी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठही अस्तित्वात आले. राहुरीचे १९६८चे आणि अकोल्याचे १९६९चे, म्हणजे चार वर्षांत राज्यात चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. परभणीच्या वाट्याला तेव्हाचे पाच जिल्हे आले. जालना, लातूर आणि हिंगोली वेगळे झाल्यावर त्याच मुलखाचे आठ जिल्हे झाले. निजामाच्या काळापासून परभणीत शेतीचे प्रयोगक्षेत्र होते आणि १९५६पासून कृषी महाविद्यालयही होते, त्यामुळे अगदी माळरानावर सुरुवात झाली नाही. पण वर्ष होते १९७२! त्या दुष्काळात मराठवाड्याने रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, 'मिलो', खाल्ली. दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली. अशा वर्षी जन्मलेल्या विद्यापीठापुढे पहिला प्रश्न कोणता असणार, याला चर्चा लागली नाही. धान्य किती पिकेल, हाच. त्या पिढीच्या शास्त्रज्ञांनी उत्पादन पहिल्या क्रमांकावर ठेवले, आणि ते बरोबरच केले असे मी आजही म्हणेन. ज्यांच्या घरी कणगी रिकामी होती, त्यांना दाण्याच्या गुणवत्तेचे प्रवचन देणे निर्दयपणाचे ठरले असते.

मात्र त्या बरोबर निर्णयाच्या पोटातच आमचा काळा दाणा वाढला. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली. १९६९ साली अखिल भारतीय समन्वित ज्वारी सुधार प्रकल्प सुरू झाला आणि परभणी त्याचे एक केंद्र झाले. जुनी गावरान ज्वारी उंच, उशिरा निसवणारी. पाऊस उघडल्यावर तिचा दाणा भरायचा, म्हणून ती पावसातून सुटायची. 'हायब्रीड' ठेंगणी आणि लवकर येणारी. उत्पादन कितीतरी जास्त, पण दाणा भरायची वेळ पावसाच्या तोंडात. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत दमट हवा मिळाली की फ्युजेरियम, कर्व्ह्युलारिया, अल्टरनेरिया यांसारख्या बुरशी कणसावर बसतात. म्हणजे वाण बदलला, त्याने पोट भरले, आणि त्याच्याबरोबर नवा धोका घरात आला. हे कुणाचे पाप नाही. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्याच्या पाठीमागे दुसरा उभा असतो, आणि तो कुणाच्या तरी यादीवर चढावा लागतो.

यादी कशी होते, ते आता सांगतो, कारण संस्थेच्या इतिहासातला हा भाग बाहेरच्यांना ठाऊक नसतो. शास्त्रज्ञाच्या मनात विषय येतो. तो विभागात मांडला जातो, मग विद्यापीठाच्या संशोधन आढावा बैठकीत. प्रयोग साधारण तीन हंगाम चालतात. त्यांचे निष्कर्ष घेऊन वर्षातून एकदा चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ एकत्र बसतात. त्या बैठकीचे पूर्ण नाव 'संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती', पण सगळे तिला 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. एका वर्षी राहुरी, एका वर्षी अकोला, मग परभणी, मग दापोली, अशी ती फिरत राहते. १९८३च्या कृषी विद्यापीठ कायद्यानंतर पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आली आणि चारही विद्यापीठांत मेळ घालण्याचे काम तिच्याकडे गेले. बैठकीत गट पडतात. पिके, फळबागा, पीक संरक्षण, अवजारे, पशुविज्ञान, अन्नशास्त्र, सामाजिक शास्त्रे. शास्त्रज्ञ उभा राहून आकडे मांडतो, दुसऱ्या विद्यापीठाचा माणूस उलटतपासणी घेतो, आणि शेवटी शिफारस मंजूर होते, सुधारून मंजूर होते, किंवा आणखी एक हंगाम करून या असे सांगितले जाते. मंजूर शिफारस मग कृषिदैनंदिनीत छापली जाते, 'शेतीभाती' मासिकातून गावोगाव जाते, आणि १८ मेच्या खरीप मेळाव्यात व १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्यात शेतकऱ्यांपुढे मांडली जाते. सहायक म्हणून तक्ते आणि कागद घेऊन मी अशा बैठकांना बसलो आहे. चार विद्यापीठांनी एकमेकांचे काम जाहीरपणे तपासायचे, ही पद्धत महाराष्ट्राने कमावलेली मोठी ठेव आहे, असे माझे मत आहे.

त्याच बैठकांत मला एक गोष्ट खटकू लागली. काळ्या ज्वारीचा प्रश्न एका गटात कधी येतच नसे. तो तुकड्यांनी यायचा. पैदासकार सांगे की कणीस मोकळे, तूस लांब आणि दाणा टणक असेल तर बुरशी कमी बसते. वनस्पती रोगशास्त्रज्ञ बुरशीनाशकाची मात्रा सांगे. कृषी अभियंता वाळवणी यंत्राचे तापमान मांडे. अन्नतंत्रातला माणूस दाणा कांडल्यावर पिठाचा रंग किती सुधारतो ते सांगे. गृहविज्ञानवाली भगिनी लोक ही ज्वारी कशी धुतात, कशी साठवतात याचे सर्वेक्षण मांडे. पाच कपाटांत एकाच प्रश्नाचे पाच तुकडे. पण ही भाकरी खाऊन माझ्या पोराला काय होईल, या माझ्या मायच्या प्रश्नाचे कपाट कुठेच नव्हते.

आणि तो प्रश्न काल्पनिक नव्हता. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन काविळीसारखा आजार पसरला. ३९७ लोक आजारी पडले, १०६ दगावले, त्या घरांतली कुत्रीसुद्धा मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले: ॲस्परजिलस बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन. हे विष जगाला माहीत झाले तेही १९६०मध्ये, इंग्लंडमधल्या टर्की पक्ष्यांच्या मरणातून. त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड बुरशीची होती. मग १९९५ साली खुद्द दख्खनच्या पठारावर, आमच्यासारख्याच ज्वारीच्या मुलखात, अवकाळी पावसाने ज्वारी आणि मका भिजला. तो खाल्लेल्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, पोट गुरगुरू लागले, जुलाब सुरू झाले. पोषण संस्थेचे डॉ. रमेश भट आणि सहकारी यांना २७ गावांत ही बाधा आढळली. कारण फ्युजेरियम बुरशीचे विष, फ्युमोनिसिन. त्यांचा अहवाल १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला आमच्या घरची परात दिसली. पावसाळा सरताना आलेली पोटदुखी आम्ही 'पाणी बदललं' म्हणून सोडून देत होतो.

इथे नीट बोलले पाहिजे, नाहीतर घबराट पसरेल. काळा पडलेला प्रत्येक दाणा विषारी नसतो. मका आणि भुईमुगाच्या मानाने ज्वारीत अफ्लाटॉक्सिन कमी सापडते. पण विष आहे की नाही ते रंगावरून कळत नाही, चवीवरून खात्रीने कळत नाही, आणि अफ्लाटॉक्सिन तव्यावरच्या आचेने जात नाही. कांडल्याने, पाखडल्याने, हलके दाणे पाण्यात तरंगवून काढल्याने काही भाग कमी होतो. माझ्या मायचे उपाय अडाणी नव्हते, ते अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे प्रयोगशाळेने सांगायचे होते. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम होती, ती आता तृणधान्यांना १५ मायक्रोग्रॅम आहे. शेतकऱ्याच्या मापात सांगायचे तर दहा क्विंटल धान्यात १५ मिलिग्रॅम. एवढेसे विष डोळ्यांनी शोधायला कोण बसणार? त्याला यंत्र लागते, प्रशिक्षित हात लागतात आणि चाचणीचा खर्च लागतो. म्हणूनच हा प्रश्न सामायिक यादीवर चढल्याशिवाय सुटत नाही.

मग आपल्या राज्यात अन्नसुरक्षा वर कधी आली? ती बाजाराच्या वाटेने आली, तीही परदेशी बाजाराच्या. २००३ साली महाराष्ट्राच्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडला. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या तोंडी 'रेसिड्यू' हा शब्द रुळला तो तेव्हापासून. शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था असलेल्या अपेडाने अवशेष तपासणीची व्यवस्था उभी केली, पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले, आणि २००६मध्ये 'ग्रेपनेट' सुरू होऊन प्रत्येक निर्यात बागेची नोंद ठेवली जाऊ लागली. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, हे आज द्राक्षवाल्याचा मुलगा तोंडपाठ सांगतो. काही वर्षांत एवढा बदल झाला. २०२०मध्ये तिळाच्या बाबतीत इथिलीन ऑक्साइडवरून तसाच धक्का बसला आणि तिथेही धावपळ झाली. यातून माझ्या मनात एक बोच राहिली. जे द्राक्ष परदेशी पोर खाणार, त्याची बाग न् बाग तपासली गेली. जी ज्वारी पेडगावचे पोर खाणार, तिला नाकारणारे गिऱ्हाईकच नव्हते, कारण ती विकलीच जात नव्हती.

युरोपने तरी अन्नसुरक्षा एका दिवसात वर घेतली असे नाही. तिथे प्रत्येक देशाची आपापली संस्था, आपापली प्रयोगशाळा, आपापला अभिमान. एकाच विषावर चार देश काम करत, आणि दुसऱ्या विषाकडे कुणीच पाहत नसे. वेड्या गायीच्या रोगाने त्यांना हलवले. तो आजार माणसापर्यंत पोहोचल्याचे ब्रिटनने १९९६मध्ये जाहीर केले. १९९९मध्ये बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यात डायॉक्सिन गेले. लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा २००२ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. पुढे त्याची कचेरी इटलीतल्या पार्मा शहरात गेली. नंतर संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन सामायिक विषय ठरवायला सुरुवात केली, आणि २०१६मध्ये प्राधिकरणाने सदस्य देशांबरोबर जोखीम मूल्यमापनाची एक समाईक विषयपत्रिका तयार केली. पद्धत ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक देशाच्या तज्ज्ञांनी आपले प्रश्न लेखी द्यायचे. सगळ्यांची यादी सगळ्यांना पाठवायची. प्रत्येकाने स्वतंत्रपणे क्रम लावायचा. तो एकत्र करून पुन्हा सगळ्यांपुढे ठेवायचा, आणि इतरांचे मत पाहून आपला क्रम बदलावासा वाटला तर बदलायचा. मोठ्या देशाचा आवाज मोठा होऊ नये म्हणून मत कागदावर. नुकसान किती, किती लोकांपर्यंत पोहोचते, आणि आपल्याला त्याबद्दल किती कमी माहिती आहे, हे तिन्ही पाहायचे. यातली तिसरी कसोटी मला फार मोलाची वाटते. आपण जिथे माहिती आहे तिथेच पुन्हा पुन्हा संशोधन करतो, कारण तिथे निष्कर्ष हमखास निघतो.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. निरनिराळ्या हवामानांच्या, निरनिराळ्या पिकांच्या चार संस्थांना एका टेबलावर बसवण्याचे काम महाराष्ट्र गेली कित्येक दशके करतो आहे. दापोलीकडे भात आणि मासळी, राहुरीकडे द्राक्ष, डाळिंब आणि ऊस, अकोल्याकडे कापूस आणि संत्री, परभणीकडे ज्वारी, सोयाबीन, तूर. वाणांसाठी, खतांसाठी, अवजारांसाठी आपण एकत्र क्रम लावतो. ताटासाठीही एकत्र क्रम लावायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि क्रम लागला की काय होते, याचा दाखला परभणीतच आहे. भेंडीवर हळद्या रोग आला की पांढऱ्या माशीसाठी फवारण्यांचा मारा व्हायचा. या विद्यापीठाने १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' हा हळद्याला दाद न देणारा वाण दिला आणि तो देशभर गेला. त्याची कीर्ती उत्पादनासाठी सांगतात. मी तो अन्नसुरक्षेच्या खात्यात मांडतो, कारण जी भेंडी दोन-तीन दिवसांआड तोडली जाते तिच्यावरची टळलेली प्रत्येक फवारणी थेट ताटात मोजली जाते. दुसरा दाखला अलीकडचा. हैदराबादजवळची, अर्धशुष्क प्रदेशांतल्या पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, हीसुद्धा १९७२चीच. तिच्याबरोबर काम करून विद्यापीठाने २०१८मध्ये 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. लोह किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम आणि जस्त सुमारे ३२. देशातली ही पहिली जैवसंपृक्त ज्वारी. रक्तक्षयाचा प्रश्न वर घ्यायचा असे ठरले, पैदासकार, आहारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा एकाच कामाला लागले, आणि भाकरीत लोह आले. २०१३पासून विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या वसंतराव नाईकांनी दुष्काळात ज्वारीच्या दाण्याची किंमत पाहिली होती. त्या नावाला शोभेल असे हे काम झाले.

महाविद्यालयाचा वाटा कुठे होता? पहिली अनेक वर्षे आमचा भर मूल्यवर्धनावर राहिला. ज्वारीचा रवा, पोहे, लाह्या, बिस्किटे, सोयाबीनचे दूध. सोयाबीन उष्णता दिल्याशिवाय खाऊ नये, त्यातले पचनाला अडथळा करणारे घटक आचेने निष्प्रभ होतात, हे या प्रयोगशाळांतून शिकलेल्या मुलामुलींनी गावोगाव सांगितले. ते सुरक्षेचेच शिक्षण होते, फक्त त्याला कुणी तसे नाव दिले नव्हते. पुढे २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला, २०११पासून त्याचे नियम अमलात आले, आणि आज अन्न सूक्ष्मजीवशास्त्र व सुरक्षितता असा विभागच महाविद्यालयात आहे. पूर्वी आमची मुले नोकरीला जायची ती बिस्किटांच्या आणि दुधाच्या कारखान्यांत. आता तीच मुले तपासणी प्रयोगशाळांत, अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांच्या परीक्षांत दिसतात. पन्नास वर्षांतला हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो.

दरम्यान पेडगावचे शिवार बदलले. खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. काळ्या पडणाऱ्या दाण्याला भाव नाही, पाखरे राखायला माणूस नाही, हे त्यामागे मोठे कारण. मग काळ्या ज्वारीचा प्रश्न संपला का? संपला नाही, त्याने वाट बदलली. भिजलेले, बुरसटलेले धान्य आता जनावरापुढे जाते. त्या खाद्यातले अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरते. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यांत ५.७ टक्के नमुन्यांत दुधातले हे अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आमच्या काळी कडू भाकर निदान जिभेला सांगायची. दूध काहीच सांगत नाही, आणि ते आधी लेकराला दिले जाते. शिवाय २०२३चे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, शहरात ज्वारीची मागणी वाढली. उद्या आमच्या भागात खरीप ज्वारी परतली आणि परतीचा पाऊसही तसाच राहिला, तर जुना प्रश्न जुन्याच दारातून आत येईल.

त्याची बरीच उत्तरे आज सापडलेली आहेत, म्हणून मला जास्त तळमळ वाटते. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झालेला असतो. कणीस रानात वाळण्याची वाट न पाहता तेव्हाच काढणी केली तर पुढचा पाऊस चुकतो. ही शिफारस जुनी आहे, खरी आहे. पण ओली कणसे वाळवायची कुठे? पावसाळी आभाळाखाली ताडपत्रीवर पसरून ती वाळत नाहीत. म्हणजे वाण पैदासकाराकडे, बुरशी रोगशास्त्रज्ञाकडे, वाळवणी यंत्र अभियंत्याकडे, चाचणी आमच्याकडे आणि खर्चाचा हिशेब अर्थशास्त्रज्ञाकडे. पाचही जण एका वर्षी, एकाच गावात, एकाच राशीपुढे उभे राहिले तर काम होईल.

म्हणून महाविद्यालयाच्या पन्नासाव्या वर्षी माझी मागणी एकच आहे. चारही विद्यापीठांनी संयुक्त बैठकीत अन्नसुरक्षेची एक सामायिक यादी करावी. ती करण्याआधी शेतकऱ्यांकडून, स्वयंपाक करणाऱ्या बायांकडून, दवाखान्यांतल्या डॉक्टरांकडून प्रश्न लेखी मागवावेत, आणि यादी लावताना ज्या अन्नाला गिऱ्हाईक नाही, जे पिकवणाऱ्याच्याच घरी शिजते, त्याला वरचा क्रमांक द्यावा. त्यात धान्य आणि खाद्यातल्या बुरशीची विषे पहिली असावीत, हे माझे मत मी इथे नोंदवून ठेवतो.

आणि एक विनंती गावाकडच्या वाचकांना. १८ मेच्या मेळाव्याला आपण बियाण्यासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहतो. त्या दिवशी येताना घरातल्या काळ्या पडलेल्या ज्वारीची, बुरसटलेल्या मक्याची, जुन्या शेंगदाण्याची एक पुरचुंडी बरोबर आणा. कोणत्या शेतातली, कधी भिजली, कशात साठवली, कोणी खाल्ली, हे चिठ्ठीवर लिहून आत टाका. बियाण्याची पिशवी मिळाली की तसेच गाडी गाठू नका. अन्नतंत्र महाविद्यालयाच्या दारात या, पुरचुंडी टेबलावर ठेवा आणि विचारा, हे लेकराला घालू का? उत्तर मिळेपर्यंत दरवर्षी विचारा.